धुऊन आणलेला नेचा

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज मी तुमच्यावर मनापासून चिडले आहे. लेकीला पाचवा महिना लागलाय आणि डोहाळे रानभाज्यांचे. जावई हिंजवडीत नोकरी करतो, भला माणूस. परवा मित्रांबरोबर ताम्हिणीकडे गेला आणि पिशवीभर नेच्याचे कोवळे, गुंडाळलेले कोंब घेऊन लेकीसह माझ्या दारात हजर. "आई, ॲपवर चेक केलंय, एडिबल दाखवतंय. तुम्ही बॉटनी शिकवायचात ना, फक्त कन्फर्म करा." खालचे देठ कुठे, विचारलं. "तिथे तपकिरी काहीतरी चिकटलेलं होतं, कापून टाकलं. तुम्हाला स्वच्छ लागतं म्हणून ओढ्यावर घासून धुतलं." खवले होते की लव, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. जून पानही आणलं नव्हतं. सासूच्या सोवळेपणाची कीर्ती अशी भोवली.

मला तुमची ती सहल आठवते. मी लांबूनच बोट दाखवून "हा खायचा नेचा" म्हणते आणि तुम्ही चष्मा पुसत विचारता, "बाईसाहेब, चेहऱ्यावरून ओळखायला तो काय तुमचा मावसभाऊ आहे?" मग चिखलात बसवून सगळं बघायला लावलंत: ओढ्याकाठची जागा, एकाच गड्ड्यातून उठलेला झुबका, देठाच्या बुडाशी तपकिरी खवले, देठावरची पन्हळ, जून पान उलटल्यावर शिरांवर दिसणाऱ्या बारीक रेघा. कोरड्या उतारावर सुटा सुटा उगवणारा, अंगावर लव असलेला, तो दुसरा. तो खायचा नाही. सगळं जुळलं तरच नाव घ्यायचं आणि तरीही शिजवूनच खायचं. शिकवलंत छान, पण सगळ्या खुणा धुऊन आलेल्या पिशवीचं काय करायचं, ते कोण सांगणार होतं?

"आई, हो की नाही, एवढंच सांग," लेक म्हणाली. सांगता येत नाही म्हटलं, तर जावयाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, मी त्यानं आणलेल्या वस्तूला नावं ठेवतेय. "मग एवढं शिकून उपयोग काय?" हे लेकीचं. पोटातल्या बाळावर मी अंदाज करून बघणार नव्हते. पिशवी उचलली आणि खताच्या कुंडीत रिकामी केली. दोघं न जेवताच गेली आणि अजून फोन नाही.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? पण एक सांगते. ती गेल्यावर कुंडीतला एक कोंब उचलून मी खिडकीपाशी नेला, बराच वेळ उलटासुलटा केला. मला वाटतं, तो खायचाच होता. तुम्ही असतात तर तिथूनच तुम्हाला फोन लावला असता आणि काही न दाखवता विचारलं असतं, सर, हो की नाही, एवढंच सांगा.