हेडीसच्या घरचं ताट

हाउन्सलो, मार्च २००६, रविवार संध्याकाळ

लीड्सला मीराकडे न जेवण्याची खरी किंमत: लेकीचा उतरलेला चेहरा. मूल होईपर्यंत लेकीच्या घरी जेवू नये, असं आई सांगायची. मी तर दुकानात छाती ठोकून सांगतो, असलं मी मानत नाही! मग ताट पुढे आल्यावर भूक नाही का म्हणालो?

"बाबा, ग्रीकांच्या पाताळाचा राजा हेडीस. त्याच्याकडे काही खाल्लं की सुटका नाही. माझं घर काय पाताळ आहे?" मीरा हसत म्हणाली, पण आवाज कापला. मला ऐकू आलं.

"हेडीस तर हे समोर बसलेत!" मी जावयांकडे बोट दाखवलं. ते हसले. तिने ताट फ्रीजमध्ये ठेवून दार आपटलं. ते दार अजून कानात आपटतंय. फोन करू? काय सांगू?

आमच्या हिने दोनदा भात मागून घेतला. उपाशी मी एकटाच.