काटा आधी पडला

खांडबारा,
३ फेब्रुवारी २०२५

ती. दानियलदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू 'बरं बरं' म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. साखर कारखान्याने तुझे कान नेले, डोळे शाबूत आहेत. तेव्हा उत्तर न देण्याला सबब नाही.

बाबांची पत्र्याची शेड रस्तारुंदीत जाते आहे. ईस्टरच्या आत लाल गाडी हलवायला हवी. मिशन दवाखान्याचे डॉक्टरसाहेब मायदेशी परतताना ती दोन सीटची विलायती गाडी आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे बाबांना, देऊन गेले, तेव्हा निम्मा बाजार ती बघायला आला होता. आई गेली आणि बाबांनी ती झाकली, ती झाकलीच. आता दोधूभाऊ मेकॅनिकने महिनाभर खपून ती चालू केली आहे. पण दहा मिनिटं नीट पळते नि मध्येच गप्प होते. थोड्या वेळाने आपली आपण पुन्हा सुरू. दोधूभाऊ म्हणतो पेट्रोल पोचत नाही. कार्बोरेटर तीनदा धुऊन झाला. इंजिनाचे फेरे मोजणारा आरपीएमचा काटाही मधूनच झोपतो, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "काटानं काय काम शे, ताई? त्याले सोडी द्या."

मला सोडता येत नाही. चौतीस वर्षं वॉर्डात नाडी मोजली आहे. मोजता मोजता ठोका चुकला की मला स्वस्थ बसवत नाही.

तू कारखान्याचा इलेक्ट्रिशियन, काही सुचव. आणि ये. बाबांच्या मातीला आलास त्यानंतर या घराची पायरी चढला नाहीस. आशावहिनींना सलाम. मनात जागा आहे तशी ठेव, आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जा.

तुझी,
सुसाना


शहादा,
९ फेब्रुवारी

चि. सुसानास,
अ. उ. आ.

गाडी भंगारात दे. ती दगा देणारी आहे. तुझ्या वयाच्या बाईने तिच्यात बसून हायवेवर जाऊ नये.

तुला कारण हवं तर सांगतो. आजवर कोणाला सांगितलं नाही. आईच्या छातीत कळ आली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट बदलले होते. बाबांना न विचारता. दवाखान्याची जीप कॅम्पला अक्कलकुव्याकडे गेलेली, बाबा तिच्यावर. म्हणून मी आईला लाल गाडीत घातलं. नवापूर रोडच्या चढणीवर गाडी बंद पडली. तासाभराने ट्रक मिळाला. पुढचं तुला माहीत आहे. पॉइंटची फट मी नीट लावली नसणार, ती मिटली असणार. दुसरं काय.

तरी तुझं समाधान होणार नाही, म्हणून एक कर. गाडी गिअरमध्ये धावत असताना बंद पडली तर काट्याकडे बघ. इंजिन हळूहळू मंदावलं आणि काटा त्याच्याबरोबर उतरला, तर पेट्रोल. गाडी अजून पळते आहे आणि काटा आधीच धाडकन शून्यावर, तर वीज तुटते आहे. मग पॉइंट उघड. तिथेच सापडेल.

आशाने केळ्याचे वेफर केले आहेत, पाठवते आहे. जिवाला जप, एवढंच मागणं.

दानियल


खांडबारा,
१७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस घरात नुसती फिरत राहिले. एक्केचाळीस वर्षं तू हे उशाला घेऊन झोपलास, आणि मी समजत होते की तू बाबांवर रुसला आहेस.

मग उठले. दोधूभाऊला शेजारी बसवलं आणि गाडी काढली. नवापूरच्या अलीकडे काटा एकदम पडला. गाडी मात्र आपल्या वेगात पळत होती, हिसका नंतर बसला. दोधूभाऊने कार्बोरेटरचे पाने पिशवीत टाकले.

तिथेच डिस्ट्रिब्युटर उघडला. गाडी चालू करताना दोधूभाऊने पॉइंटची तोंडं घासली होती, स्क्रूला हात लावला नव्हता. आणि दादा, त्या स्क्रूवर लाल ठिपका आहे. माझं नेलपॉलिश! जिच्यापायी मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरने आठवडाभर व्हरांडा पुसायला लावला होता ती बाटली. सुट्टीत घरी आणली ती तू लंपास केलीस. स्क्रू सैल होऊ नये म्हणून तू त्यावर ठिपका दिलास आणि तो आजही तडकलेला नाही. दोधूभाऊने मापाची पत्ती घालून फट मोजली. जेवढी हवी तेवढीच. म्हणजे तुझ्यानंतर कोणी तो स्क्रू हलवला नाही, आणि गाडी त्याच पॉइंटवर आत्ता धावते आहे.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी बाबा ती चढणीवरून घेऊन आले, तेव्हा मला म्हणाले होते की काही केलं नाही, चावी फिरवली आणि सुरू झाली. फट मिटली असती तर ती अशी सुरू झाली नसती. मला वाटलं, तुला माहीत असेल. विचारलंच नाही मी कधी. यात माझी चूक तुझ्यापेक्षा मोठी आहे.

आता वीज तुटते कुठे ते सांग. राग धरू नकोस. धरलास तर घरी येऊन काढ.

सुसाना


शहादा,
२२ फेब्रुवारी

चि. सुसाना,
अ. उ. आ.

जेवण जात नाही. अंगणात येरझाऱ्या घालतो म्हणून आशा ओरडते, तेही तोंड बघून कळतं.

आई शेजारच्या सीटवर होती. चढणीवर ती म्हणाली, "दानियल, काटा पडला." मला वाटलं, कळेमुळे बरळते आहे. तिने बरोबर पाहिलं होतं.

त्या गाडीत चावीकडून, ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलला जाणारी पांढरी वायर आधी काट्याच्या मीटरमागून वळसा घेऊन जाते. तिथे जोड ढिला झाला तर काटा आणि इंजिन दोन्ही एकदम मरतात. मीटर काढून मागे बघ. मी तिथे कधी हात घातलेला नाही. तिथे काय आहे ते जसं असेल तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही रचू नकोस.

वाट बघतो आहे, हे पहिल्यांदाच लिहितो.

दानियल


खांडबारा,
१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काही रचलेलं नाही. पुरावा सोबत आहे.

मीटरमागे वायर तुटलेली होती आणि दोन टोकं नुसती पिळून जोडलेली. त्यावर काळी टेप नव्हती. दवाखान्यातली चिकटपट्टी होती, जखमेवर लावतो ती. बाबा सायकलच्या मुठीपासून चष्म्यापर्यंत सगळं त्याच पट्टीने जोडायचे, आठवतं ना? कापडी पट्टी दमट हवा शोषते. आत तांबं हिरवं पडून गंजत चाललं होतं. गाडी हादरली की सुटायचं, पुन्हा हादरली की टेकायचं.

पट्टी फेकणार होते, तर तिच्यावर बॉलपेन दिसलं. ड्रेसिंग केलं की पट्टीवर तारीख घालायची, ही दवाखान्याची शिस्त. बाबा वायरवरही तारीख घालायचे. वाच. १२/८/७९. तुझ्या पॉइंटच्या पाच वर्षं आधीची.

ही पट्टी तुला पाठवू की चुलीत टाकू, यावर मी दोन दिवस घालवले. बाबांना हे कळलं नाही, आणि आता त्यांना विचारता येत नाही. पण तू म्हणालास, रचू नकोस.

दोधूभाऊने नवा जोड डाख देऊन पक्का केला. काल चढणीवरून जाऊन आले. काटा हलला नाही.

तुझी माया असू दे. सांभाळायला मी आहे.

सुसाना


शहादा,
६ मार्च

चि. सुसानास,
अ. उ. आ.

पट्टी मिळाली. बाबांचा सात, मधे आडवी रेघ. ओळखला.

सकाळी राग आला होता. संध्याकाळी पट्टी पुन्हा पाहिली. एवढ्या चिमुकल्या पट्टीवर तारीख घालणारा माणूस हयगयीने काम करत नव्हता. त्याला जेवढं येत होतं तेवढं त्याने केलं. मीही तेवढंच केलं होतं. आता दोघांचंही मिटलं.

रविवारी नंदुरबारला एसटी बदलून येतो. आशाही येते आहे; तिला दोधूभाऊजवळ शेडमध्ये बसव, गाडीत जागा दोघांचीच. शेड पडायच्या आत मला ती एकदा चढणीवर न्यायची आहे. मला इंजिन ऐकू येणार नाही. तू आईच्या सीटवर बस आणि काट्याकडे बघत राहा. पडला तर माझ्या हाताला हात लाव.

या वेळी मी लगेच मान वळवून बघेन.

तुझा दादा,
दानियल