घड्याळावरचा चुन्याचा ठिपका

दादा, आज रविवार, १२ मे १९९६. संध्याकाळचे पावणेसहा झाले आहेत. नरोलीच्या खोलीत दाराशी बसून मी जुन्या टूथब्रशने पाण्याच्या गाळणीची जाळी घासत होतो. जाळी केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी घासत होतो. ते लक्षात आल्यावर ती बाजूला ठेवली आणि वही घेतली. तुम्हांला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही सरकारी बंगल्यावर माळी होता, मी त्या माळ्याचा मुलगा, म्हणून ही गोष्ट तुम्हांला सांगायची. दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखी ती नाही.

टोकरखाड्यात एका शेठचा बंगला आहे. मी ज्या पाइपच्या कारखान्यात फिटर आहे तो त्यांचा नाही, त्यांचा सुताचा आहे. मुंबईच्या कुठल्याशा हॉटेलात त्यांनी आपोआप पाणी घेणारी बाग पाहिली आणि तशी आपल्याला हवी म्हणाले. आमच्या सुपरवायझरने माझं नाव सुचवलं. माझं स्वतःचं असं हे पहिलंच काम. मी दोन रविवार बाग मापली. कोणती कुंडी भिंतीपासून किती फुटांवर, कुठल्या झाडाला किती वेळ पाणी, सगळं वहीत उतरवलं. गच्चीवरच्या टाकीतून काळा पाइप खाली आणला, त्याला बारीक नळ्या आणि फवारे जोडले, आणि टाकीपाशी विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह बसवला. व्हरांड्यातल्या पेटीत घड्याळ लावलं. त्याच्या फिरत्या तबकडीवर चोवीस तासांच्या खुंट्या असतात, बाणासमोर येईल तो आकडा म्हणजे वेळ. सहाची खुंटी खाली दाबली की सकाळी सहाला पाणी सुरू होतं, पंधरा मिनिटांनी बंद. पहिल्या दिवशी सहा वाजता सगळे फवारे एकदम उठले तेव्हा, दादा, माझ्या अंगावर काटा आला.

तुम्ही यावर काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे. मी तिसरीत असताना तुम्ही मला बंगल्यावर पाइप धरायला उभं केलं होतं. मी पाइप गुलाबाच्या वाफ्यात टाकला आणि फाटकापाशी माकडवाला आला होता तो बघायला गेलो. परत येतो तो वाफ्याचं तळं झालेलं, रोपं आडवी. साहेबांसमोर तुम्ही काहीच बोलला नाहीत. घरी आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीसमोर बसला आहात, आणि माझ्याकडे न बघता विचारता, "पानी सोडीसन कथा गयता रे तू?" पाणी सोडून मी कुठे गेलो होतो, ते तुम्हांला ठाऊक असतं. मग तुम्ही आईला सांगता की गावाकडे दारं धरणारा माणूस पाणी पाटातून सरीत वळवतो, फावडं घेऊन सरीपाशी उभा राहतो, साप निघाला तरी पाय काढत नाही, आणि हा फाटकावरचं माकड बघायला जातो. आई हसली. मी जेवलो नाही. तेव्हापासून कुठलाही नळ बंद केल्यावर मी परत जाऊन बघतो. कारखान्यातली पोरं त्यावरून मला चिडवतात. हे घड्याळ मला इतकं आवडलं त्याचं कारणही तेच असेल. ते कुठे जात नाही, असं मला वाटलं.

शेठकडे एक माळी आहेत. तुमच्याच वयाचे, खेरडीचे. तुम्ही सरकारी बंगल्यावर होता तेव्हा ते शेजारच्या बंगल्यावर होते, आणि तुमची तंबाखू एकाच डबीतून चालायची, असं ते सांगतात. मी त्यांना काका म्हणतो. खेरडीच्या त्यांच्या तुकड्यात पावसाळी भात होतो, तो चार-पाच महिने पुरतो. उरलेलं वर्ष या पगारावर. मी व्हॉल्व्ह बसवत होतो तेव्हा शेठ व्हरांड्यात आले आणि काकांना म्हणाले, "अब पहली जून से आपकी छुट्टी. पानी तो मशीन देगी." माझ्या हातात पाना होता. मी नट आवळत होतो, तो आवळतच राहिलो. काकाच हसून म्हणाले, "बाप पाणी घालत होता, पोराने पाण्याला घड्याळ बांधलं. लग्नातल्या नवऱ्याला बांधतात तसं!"

त्यानंतर तीन आठवडे मी रोज घाबरत होतो की काहीतरी बिघडेल. काही बिघडलं नाही. शेठ खूश होते. या गुरुवारी तपासणीसाठी गेलो, पेटी उघडली, आणि तबकडीवर आठच्या आकड्यापाशी पांढरा ठिपका दिसला. बोटाने पुसला तर चुना. तंबाखूचा चुना.

काका कडुनिंबाखाली पानं गोळा करत होते. मी विचारलं, "काका, पेटीला हात लावता का तुम्ही?"

"लावतो ना. रोज लावतो."

"का?"

"तुझं घड्याळ झोपतं रे. लाइट गेली की ते पण बंद. लाइट आली की जिथे झोपलं तिथून उठतं. चार दिवसांत तुझी सकाळ दुपारी बाराला आली! काळा पाइप उन्हात तापलेला, त्यातून पाणी आलं ते चहाचं. दोन फर्न शिजून गेले. मी उपटून नवे लावले, शेठला कळलं पण नाही."

मी खाली बसलो. मे महिन्यात रोज दीडेक तास लाइट जाते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. झाडांची अंतरं मी इंचात मोजली आणि हेच लिहायला विसरलो. काकांना घड्याळ नीट वाचता येत नाही. सकाळी आठचा कारखान्याचा भोंगा झाला की ते पेटी उघडतात आणि चुन्याचा ठिपका बाणासमोर येईपर्यंत तबकडी फिरवतात. आठ कुठलं ते त्यांनी वॉचमनकडून एकदाच विचारून घेतलं होतं.

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," मी म्हणालो.

"तुला सांगितलं असतं तर तू धावत शेठकडे गेला असतास. तुझा बाप पण तसाच होता. मग शेठने तुला पैसे दिले असते का?"

"पण काका, एक तारखेपासून तुम्हांलाच..."

"ते माझं मी बघेन. तुझं पहिलं काम आहे, दीकरा. पहिल्या कामाला नाव खराब नको."

दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. काल शनिवारी शेठकडे गेलो. म्हणालो, लाइट गेली की घड्याळ मागे पडतं, ते रोज लावायला माणूस लागतो. शेठ म्हणाले, वॉचमन लावील. मी म्हणालो, वॉचमन दर महिन्याला बदलतात, शिवाय जाळी धुवायची, नळ्यांच्या तोंडाशी क्षार बसतो तो सुईने काढायचा, हे बागेच्या माणसाचंच काम. बोलताना माझा आवाज चढला, असं नंतर वाटलं. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू घड़ी लगाने आया था या माली की वकालत करने?" मग स्वतःच म्हणाले, "ठीक है. माली को रहने दो, बारिश के बाद देखेंगे. तेरा बाकी पैसा भी बारिश के बाद."

बाहेर आलो तेव्हा काका फाटकापाशी उभे होते. त्यांनी डबी पुढे केली. मी तंबाखू खात नाही हे त्यांना माहीत आहे. तरी मी चिमूटभर घेतली आणि पुढच्या वळणावर थुंकलो.

आता सव्वासात झाले. दोनदा उठून पाणी प्यालो, एकदा नळ बघून आलो. तुम्हांला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं, कारण हिशोबाची शेवटची ओळ तुम्ही दोनदा वाचली असतीत.

ठरले होते चार हजार दोनशे. आगाऊ मिळाले दोन हजार. माल आणि वापीला जाणं-येणं मिळून खर्च दोन हजार आठशे सत्तर. खिशातले गेले आठशे सत्तर, त्यांतले सहाशे खोलीतल्या जोडीदाराकडून उसने, ते देणे आहेत. शेठकडून येणे दोन हजार दोनशे. बॅटरीवर चालणारं घड्याळ, लाइट गेली तरी न थांबणारं, वापीच्या त्याच दुकानात, त्याच फळीवर, साडेपाचशे रुपये. ते घेतलं नाही. तसं मिळतं, हे शेठला सांगितलं नाही.