नेम वामीवरच होता

४ सप्टेंबर
आजपासून शांत राहायचे. ग्रंथपालबाईंनी अट घातली आहे: वाचनालयातला शनिवारचा इंग्रजीचा वर्ग मलाच, पण पहिल्या व्याख्यानात कुणावर हात उगारायचा नाही. जशी काही मी रोज उगारते. गेल्या महिन्यात दंतवैद्याच्या डोक्यात डिक्शनरी घातली, तीही पेपरबॅक. तोही त्या वर्गावर टपलाय. म्हणे 'अँग्विश', म्हणजे यातना, हा शब्द लॅटिनमधल्या सापावरून, 'अँग्विस'वरून आला. साफ खोटे. तो 'अरुंद' अशा अर्थाच्या शब्दावरून आला. माणसाने चुकावे, पण इतक्या मोठ्या आवाजात?

६ सप्टेंबर
विषय पक्का: इंग्रजीतले साप. 'कोल्युबर' म्हणजे साप, त्यावरून 'कल्व्हरिन', जुनी लांब नळीची तोफ. 'अँग्विला' म्हणजे वाम, सापासारखा मासा. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर एकेका शब्दासाठी पट्टीने बोटे सडकायच्या. म्हणून तर आम्ही इतक्या सौम्य निघालो.

धाकट्या बहिणीला तालीम ऐकवली. तिने जांभई दिली. मी चप्पल फेकली. लागली नाही, म्हणजे धरायची नाही. म्हणाली, ताई, शनिवारी हातात काही घेऊ नकोस. कबूल केले. काठी फक्त गुडघ्यासाठी.

९ सप्टेंबर
जिवंत वाम आणली. मासेवाला म्हणाला, कापून देऊ? म्हटले, नको, तिला व्याख्यानाला न्यायचे आहे. त्याने सुरी खाली ठेवली आणि पिशवीत पाणी भरले.

घरी दोनदा बादलीतून निसटली. लाटण्याने समजावले. मोरीची फरशी फुटली. वाम ठणठणीत.

१० सप्टेंबर, सकाळ
मन अगदी शांत. काठीला तेल लावले.

१० सप्टेंबर, संध्याकाळ
व्याख्यान उत्तम. तोफेपर्यंत कुणी खोकलेसुद्धा नाही. मग दंतवैद्य उठला. म्हणे, आणि 'अँग्विश'चे काय, मॅडम? मी हसले. तेवढ्यात वाम बादलीतून थेट त्याच्या बुटांवर. मी काठी उगारली. नेम वामीवरच होता. तो नेमका तिला उचलायला वाकला. काठी त्याच्या डोक्यावरून जाऊन पुस्तकांच्या कपाटावर आदळली, काच फुटली, आणि काठीची मूठ उलटून माझ्याच तोंडावर. पुढचा दात अर्धा गेला. त्याच्या हातात वाम. टाळ्या पडल्या. कुणासाठी, ते विचारले नाही.

ग्रंथपालबाई म्हणाल्या, अट मोडली. मी म्हटले, वाम 'कुणी'मध्ये धरत नाहीत. पण तोंडातून नुसते रक्त आणि फुसफुस.

११ सप्टेंबर
मेले तरी त्याच्या दवाखान्याची पायरी चढणार नाही.

१२ सप्टेंबर
गालाचा भोपळा. निश्चय कायम.

१३ सप्टेंबर
आसपास दुसरा दंतवैद्य नाही. धाकटीने खुर्चीत बसवले, वर खांदे दाबून धरले. इंजेक्शन. जबड्यात रबराचा ठोकळा. मग तो म्हणाला, शनिवारचा वर्ग आता मला दिलाय, तुमच्यासमोर जरा तालीम करतो. 'अँग्विश'वरून सुरुवात केली. साप, दोनदा, मोठ्याने. मी आ आ केले. त्याने विचारले, दुखतंय का, आणि आणखी एक सुई टोचली.

चावणारच होते. पण ठोकळा निघाला तेव्हा दात त्याच्या ट्रेमध्ये होता.