रडायची खुर्ची

ती. आईस वाकून नमस्कार. बाबांना वाचून दाखवशील तेव्हा शेवट गाळ.

आम्ही मजेत आहोत. मुलं सांभाळायला नवीन बाई ठेवल्यात. इतक्या कडक, की तुझे जावईसुद्धा हल्ली पाय पुसून घरात येतात.

पण मला त्यांचं काही कळतच नाही बघ. मूल रडायला लागलं की त्या गप्प करत नाहीत. खिडकीशी एक खुर्ची ठेवलीय, तिच्याकडे बोट दाखवतात. "तिथे बसून पोटभर रड. अर्धवट उठायचं नाही." धाकटी दोन हुंदके देते आणि कंटाळून खेळायला पळते. याला शिस्त म्हणायची की वेडेपणा? बाईंना काढून टाकू की त्यांच्या पाया पडू?

काल ऑफिसात साहेब सगळ्यांदेखत मला जरा बोलले. विशेष काही नाही, काळजी करू नकोस. मी हसतच घरी आले. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मुलांना म्हणाल्या, "खुर्ची रिकामी करा. आई आलीय."

"अहो, मला काय झालंय?" असं म्हणत म्हणत मी बसलेसुद्धा! धाकटीने तिची बाहुली माझ्या मांडीवर आणून ठेवली. थोरल्याने दटावलं, "अर्धवट उठायचं नाही हं."

नाही उठले.

आई, बाबांच्या ऑपरेशनपासून तू फोनवर सारखी हसतच बोलतेस. तू कुठे बसतेस गं?

तुझी,
खुर्चीतून नुकतीच उठलेली लेक