घेऊन दा

१ मार्च, रविवार

सहाला फोन आला. ठरल्याप्रमाणे. आणि ठरल्याप्रमाणे दुभाषी मी! मायलेकी एकाच भाषेत बोलतात, तरी मध्ये आत्याबाई लागते.

बोबडीने फोनला तोंड लावून सुरू केलं — “आई, मया घेऊन दा. मया घेऊन दा.” सहा वर्षांची घोडी झाली, पण र नाही, ल नाही, ळ नाही, ज चा सुद्धा द. समोर उभी असली की हातवाऱ्यांवरून निम्मं तरी कळतं. फोनवर शून्य.

“काय म्हणतेय हो वन्सं?” पलीकडून माझी एकेकाळची भावजय.

“घेऊन द्या म्हणतेय. सायकल घेऊन द्या.”

बोबडी जोरजोरात मान हलवायला लागली. मान काय फोनला दिसते? मग रडली. “हट्ट चाललाय सायकलसाठी,” मी सांगितलं. “बघते हं,” म्हणून तिने फोन ठेवला.

दोन वर्षं झाली या गमतीला. पहिल्यांदा मी खरंच चुकीचं ऐकलं होतं, शपथ. ‘घेऊन जा’ काय आणि ‘घेऊन द्या’ काय, हिच्या तोंडी दोन्ही ‘घेऊन दा’. दुसऱ्यांदापासून मात्र चूक नव्हती. हे पान कुणी वाचत नाही म्हणून लिहिते — पोरीला आईकडे जायचंय, आणि मी तिला रंगपेट्या, बाहुल्या, बूट मिळवून देते. कपाटात जागा उरली नाही. ती एकाही वस्तूला हात लावत नाही. माजोरडी!

भाऊ रविवारी मुद्दाम कामावर जातो. बायकोचा आवाज नको म्हणून.

३ मार्च, मंगळवार

शाळेच्या बाईंनी भावाला बोलावून घेतलं. वर्गातली पोरं हिची नक्कल करतात म्हणे, म्हणून ही हजेरीलाही तोंड उघडत नाही. बाईंनी जीभ बघितली — ती बाहेरच येत नाही. डॉक्टरला दाखवा म्हणाल्या.

भाऊ माझ्यावरच डाफरला. “ताई, दिवसभर तू असतेस. तुझ्या लक्षात कसं आलं नाही?”

आलं होतं. मी म्हटलं, “होईल मोठी झाली की. तूसुद्धा उशिराच बोलायला लागलास, आणि आता बघ, थांबतच नाहीस.”

७ मार्च, शनिवार

दातांची डॉक्टरीण. वय काय तर माझ्या शिलाई मशीनपेक्षा लहान! बोबडीला म्हणाली, “जीभ काढून दाखव बघू मला, अगदी उद्धटपणे.” जीभ ओठापर्यंतही आली नाही. टोकाला मधोमध खाच पडली, पत्त्यातल्या बदामासारखी. मग बोटाने जीभ उचलून तिने आम्हाला दाखवलं — खाली पातळ, ताठ पट्टी. जीभ खालीच बांधलेली. जन्मापासून. वरच्या ओठामागेही एक तसलीच आहे, पण तिचं काही अडत नाही, राहू दे म्हणाली.

“लेझरने सोडवू. दोन-चार मिनिटांचं काम. टाके नाहीत.”

टाके नाहीत! तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय मी. बिनटाक्याचं काम म्हटलं की मला आधी संशय येतो.

मग विचारलं, “तान्ही असताना दूध ओढायला त्रास व्हायचा का?”

“आठवत नाही,” भाऊ म्हणाला. त्याला काय आठवणार? मला आठवतं. पोर छातीशी घेतली की भावजय ओठ चावून बसायची. रक्त यायचं तिला. पोर तासभर चोखायची आणि उपाशीच रडायची. मी म्हणायचे, “गाईला जमतं, मांजरीला जमतं, हिलाच जमत नाही.” एकदा नाही, उठता-बसता म्हणायचे. दोन महिन्यांत तिने पोरीला उचलणंच सोडलं. बाटली मी धरली. पोर माझी झाली. पुढे भावजय घर सोडून गेली तेव्हाही पोर माझ्याच कडेवर होती. “जम बसला की नेते,” म्हणाली होती. चार वर्षं जम बसतोय!

“आईला दूध कमी होतं,” मी डॉक्टरणीला सांगितलं.

“आईचा काही दोष नसतो हो यात. तेव्हाच कळतं तर बरं झालं असतं.” मग माझ्याकडे वळली. “आणि तुम्हाला कसं समजतं तिचं बोलणं?”

“मला सगळं समजतं.”

“छान! आता सगळ्यांनाच समजेल.”



८ मार्च, रविवार

फोन. आजची मागणी — पावसाळी बूट. मीच ठरवली.

१० मार्च, मंगळवार

मशीनवर बसले होते, तीन ब्लाउज उलटे शिवले. उसवत बसले. स्पष्ट लिहावं एकदा. ती गेली तर मी कोण? भाऊ म्हणेल, “ताई, तूही आता मोकळी.” मोकळी म्हणजे काय ते मला माहीत आहे. नवऱ्याचं घर सुटलं तेव्हा सगळ्यांनी हाच शब्द वापरला होता. आता या घरात मी पोरीमुळे आहे. पोर नसेल तर फुकट खाणारी.

आणि आवडते मला ती. हेही लिहिते. रागच येतो त्याचा.

१२ मार्च, गुरुवार

झालं.

सगळ्यांना काळे चष्मे दिले, बोबडीलासुद्धा. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा. आयुष्यभर तेच करत आलाय! डोकं मी धरलं. आधी एक बारीक सुई, जागा बधिर करायला. मग पेनासारखं काहीतरी. केस जळल्याचा वास आला. तेवढंच.

मी तयारीत होते. ओरडली असती तर लगेच म्हणणार होते, राहू द्या, पोर घाबरली. ओरडली नाही. माझा अंगठा मुठीत धरून पडून राहिली. काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघत होती की छताकडे, कळलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

डॉक्टरणीने कागद दिलाय. दिवसातून पाच वेळा दोन बोटांनी जीभ वर उचलायची, जखम ताणायची. एकेका वेळेला खूण करायची. चार आठवडे. नाहीतर जखम भरताना पुन्हा चिकटते. शिवाय जीभ टाळूला लावून सोडायची, टक टक, घोड्यासारखं.

उचलली जीभ लावली टाळ्याला! आजवर ही शिवी होती, आता व्यायाम झाला.

भाऊ म्हणाला, “ताई, हे तुझ्यावर सोपवतो.” सोपव बाबा. सगळं माझ्यावरच सोपव.

१४ मार्च, शनिवार

‘पुन्हा चिकटते.’ हे तीन-चारदा वाचलं.

१६ मार्च, सोमवार

करत नाहीये मी. कागदावर खुणा मात्र पाचच्या पाच. निळ्या शाईने.

तिला म्हणाले, “दुखेल गं तुला. नको.” तिने तोंड उघडून माझ्यासमोर धरलं होतं. जिभेखाली पांढरट-पिवळा चट्टा. मी म्हटलं, “मिट.” मिटलं. थोडा वेळ उभी राहिली आणि न्हाणीघरात गेली.

मला स्वतःची किळस आली, मग भूक लागली. जेवले.

२२ मार्च, रविवार

फोन आला, पण बोबडीने तोंडच उघडलं नाही. ओठ घट्ट. भावजय नुसती “हॅलो, हॅलो.” मी म्हटलं, “जीभ दुखतेय तिची.”

“मग पुढच्या रविवारी. काही हवंय का तिला?”

बरं झालं. चिकटत असणार.

२६ मार्च, गुरुवार

तपासणी. “वा! काय सुंदर भरलंय! आत्याबाई, तुमची कमाल. बहुतेक लोक चार दिवसांत सोडून देतात.” आणि बोबडीने जीभ बाहेर काढली — हनुवटीपर्यंत! मग नाकाकडे वळवली. मला वेडावत होती, असंच वाटलं मला. भाऊ माझ्याकडे कौतुकाने बघत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी आल्यावर न्हाणीघराच्या दाराला कान लावला. टक टक. टक टक. दार ढकललं. उलट्या बादलीवर उभी, समोर आरसा, दोन बोटं तोंडात, डोळ्यांतून पाणी वाहतंय. एवढीशी पोर! स्वतःची जखम स्वतः ताणत होती. दोन आठवडे.

मला बघून दचकली नाही. बोटं काढली, पुसली.

“आत्या, ऐक. ल. ळ. र. जा. जा. जा.”

‘जा’ तीनदा म्हणाली. मला उद्देशून नसावं.

२८ मार्च, शनिवार

दिवसभर घरात एकच वाक्य फिरतंय. भाजी निवडताना, चपला घालताना. मला घेऊन जा. मला घेऊन जा. उद्यासाठी घोकंपट्टी. बॅगही भरली. नवीन वस्तू एकही नाही. जुनी चादर, शाळेची वही आणि माझ्या चिंध्यांची पिशवी, जिच्याशी खेळते ती.

तीन वाजता माझा तोल गेला. म्हणाले, “आईला तू नकोच आहेस. हवी असतीस तर चार वर्षांत आली नसती का?”

खोटं बोलले. टोचावं म्हणून बोलले. जिभेला हाड नाही माझ्या, आणि दोरीही नाही.

रडली नाही. मलाच समजावल्यासारखी म्हणाली, “तिला माझं बोलणं कळत नव्हतं ना आत्या, म्हणून. आता कळेल.”

ल पण स्वच्छ, ळ पण.

उद्या सहाला सगळं बाहेर येणार. सायकल, बूट, रंगपेट्या, सगळं. येऊ दे. मी तोंड घालणार नाही.

२९ मार्च, रविवार

पहिल्या घंटीला तिने उचलला. बॅग पायाशी. “आई, मला घेऊन जा.” बहिऱ्यालाही कळलं असतं.

पलीकडून, “काय घेऊन देऊ, बाळा?”

“घेऊन जा. मला. तुझ्याकडे.”

“आवाज नीट येत नाहीये गं. आत्याकडे दे बरं.”

तिने फोन माझ्यापुढे धरला. “आत्या, तू सांग तिला.”

सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं. “जा म्हणतेय ती. ज, जा. तुझ्याकडे घेऊन जा म्हणतेय.”

भावजय हळूच म्हणाली, “वन्सं, तुम्ही नेहमी सांगता ना, तसंच सांगा की.”

स्पीकर चालू होता.