मातामायच्या दगडाखालचा भुंगेरा

सर, तान्ह्या पोळ्याच्या त्या सकाळी मी आंघोळ करून गावाबाहेरच्या देवीला, मातामायला, पाणी घालायला गेलो होतो. लोटा रिकामा केला, आणि कडुनिंबाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडांपैकी सगळ्यात लहान दगडाखाली काहीतरी काळं पळत शिरलं. चार वर्षं तुमच्या लॅबमध्ये अटेंडंट म्हणून बरण्या धुतलेल्या माणसाचा हात थांबला नाही. मी दगड उचलला. तांदळाच्या दाण्याएवढा भुंगेरा, काळा, खांद्यांवर दोन पिवळसर ठिपके. रुमालात बांधून मी तो ब्रह्मपुरीला कॉलेजात आणला.

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, पण अक्षर बारीक, म्हणून किड्यांच्या पेटीतली सगळी लेबलं तुम्ही माझ्याकडून लिहून घ्यायचात. 'कुठे मिळाला?' तुम्ही विचारलं. आमच्या गावात मायच्या दगडाला कोणी हात लावत नाही. माझी आई रोज तिथे दिवा ठेवायची. आणि मी तुम्हालाही ओळखत होतो. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही सब्बल घेऊन दगड उकरायला तिथे हजर झाला असता. मी म्हणालो, 'नदीपलीकडे, सर. रेतीत.' मग तेच लेबलावर लिहिलं. वैनगंगेचा पूर्व काठ, जिल्हा चांदा.

आठ दिवस तुम्ही भिंगाखाली तो पाहत होतात. पाठीवरच्या रेघा मोजल्या, रेघांमधले खड्डे मोजले, पुस्तकं उघडली, मिटली. शेवटी 'हा कुठेच नाही रे' म्हणालात आणि मला चहा आणायला पाठवलं. दोन कप. त्या दिवशी पहिल्यांदा मी तुमच्यासमोर खुर्चीवर बसून चहा प्यालो, आणि तो मला गोड लागला नाही. पुढे कलकत्त्याहून जाणकारांचं पत्र आलं. किडा नवीन दिसतो, पण ही मादी आहे. त्याच जागेचा नर मिळाल्याशिवाय वर्णन छापता येणार नाही.

मग तीन वर्षं, पाऊस ओसरला की आपण दोघं डोंग्यातून पलीकडे जातो आहोत. तुम्ही गुडघा धरून रेतीत वाकता, ओंडके उलटता, मी मागे बरणी धरून उभा. एकदा थकून काठावर बसलात, पाय पाण्यात सोडले.

'इथेच ना?'

'हो सर, इथीच.'

'मग गेले कुठे लेकाचे?'

तुम्ही हसलात. मीही हसलो. वर्णनाच्या कागदात तुम्ही लिहिलं होतं, पाय लांब आणि बारीक, ओल्या रेतीवर धावण्याजोगे. साफ प्रत मीच काढली. चौथा पावसाळा यायच्या आत तुम्ही गेलात.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि तो काठ नव्या गडचिरोली जिल्ह्यात गेला. परवा कॉलेजातल्या नवीन सरांनी तुमची पेटी उघडली, कागद वाचला आणि म्हणाले, 'रविवारी जीप सांगतो. तुम्ही फक्त जागा दाखवा.' मी बरं म्हणालो. घरी येऊन जेवलो नाही. सर, मी थकलो आहे. त्या रेतीत पुन्हा वाकायची ताकद गुडघ्यांत नाही, मनात तर नाहीच.

काल सकाळी मातामायपुढे हात जोडले आणि दगड उचलला. तिथे झाडणारी म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

'काऊन रे भाऊ, मायचा गोटा काऊन हालवून राह्यला?'

'किडा पाह्यतो, बाई.'

'डोस्कं पांढरं झालं, अन् अजून किडेच पाह्यतेस. मायले विचारलं का?'

'विचारलं.'

'काय म्हणली?'

'काई नाई म्हणली.'

'मंग पाह्य. पन गोटा जसा होता तसाच ठेवजो.'

एवढंच बोलून ती पुन्हा झाडू लागली. मी दगड बाजूला ठेवून वाकलो. खाली तीन भुंगेरे होते. दोन घेतले, एक राहू दिला. घेतलेल्यांपैकी एकाचे पुढचे पंजे रुंद होते. नर.

आज नवीन सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त विचारलं, 'त्यांना माहीत होतं?' मी नाही म्हणालो. म्हणून हे कागद लिहितो आहे. कागद घरीच राहतील. लेबल चुकलं तरी काढायचं नाही, त्याच टाचणीवर खाली दुसरं लावायचं, हे तुमचं शिकवणं. तरी दुपारी लॅबमध्ये कोणी नसताना जुनं लेबल काढायला माझी बोटं टाचणीपर्यंत गेली होती. मग हात मागे घेतला आणि तुमच्याच टाकाने नवीन चिठ्ठी लिहिली. मातामाय, कडुनिंबाखालचा दगड, जिल्हा चंद्रपूर. वरच्या लेबलावरची जागा खोटी, लिहिणारा तोच. शाई वाळू दिली, चिठ्ठी टाचणीवर चढवली आणि टाचणी पेटीच्या तळाच्या बुचात पुन्हा रोवली.